ड्युटीवर अ‍ॅप बघून निर्णय घेणं कितपत बरोबर?

नवा_रेसिडेंट:
मेडिसिनला नुकताच जॉइन झालोय, रात्रीच्या ड्युटीला डोस, औषधांचं एकमेकांशी इंटरॅक्शन, आजाराचा अंदाज गुणांनी देणारे स्कोअर, सगळं मोबाईलवरच बघतो, एमडीकॅल्क नि मेडस्केप ही डॉक्टरांची अ‍ॅप्स तर सतत उघडी असतात. सर म्हणतात यानं डोकं चालवायची सवय जाते. पण अर्धवट आठवणीवर डोस लिहिण्यापेक्षा बघून लिहिलेला बरा ना? तुम्ही कसं करता?

वॉर्डराउंड:
डोस बघूनच लिही रे, त्यात लाज कसली. किडनीच्या पेशंटचं क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, तोंडी काढत बसायची गरजच नाही. स्कोअरचं मात्र वेगळं आहे. न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा कर्ब-६५ घे, त्यात रक्तातल्या युरियाचा कटऑफ ७ मिलिमोल प्रति लिटर, त्याच्या वर गेला की एक पॉइंट, रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असेल तर तो युरिया आहे की बीयूएन (म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन) ते आधी बघ, कारण तोच कटऑफ बीयूएनमध्ये साधारण २० नि युरियात ४२ च्या आसपास येतो. युरिया ३० असताना तो बीयूएन म्हणून टाकलास की फुकटचा एक पॉइंट वाढला, आणि अ‍ॅप काही तुला टोकणार नाही.

इमर्जन्सीवाली:
स्कोअरमध्ये काय नाही तेही बघायचं!! कर्ब-६५ मध्ये ऑक्सिजन सॅच्युरेशन धरलेलंच नाही. पंचविशीतला पेशंट, सॅच्युरेशन ८६ इतकं कमी, पण पूर्ण शुद्धीत, बीपी आणि युरिया नॉर्मल, श्वास मिनिटाला २८, स्कोअर शून्य. मग काय घरी पाठवणार? फुफ्फुसातल्या गुठळीच्या वेल्स स्कोअरमध्ये तर गुठळीचीच शक्यता जास्त वाटते का असं विचारतात नि त्याला तब्बल ३ गुण, ते उत्तर तुलाच द्यायचंय, म्हणजे पेशंट नीट तपासल्याशिवाय अ‍ॅप उघडून उपयोग शून्य. मी ज्युनियर्सना सांगते, आधी केसपेपरवर स्वतःचं निदान आणि एकदोन पर्याय लिहा, मोबाईल त्यानंतर.

नवा_रेसिडेंट:
हे भारी सांगितलंत, थँक्यू दोघांना. अजून एक, पेशंटसमोर मोबाईल काढला की नातेवाईकांना वाटतं हा चॅटिंग करतोय, त्याचं काय करायचं?

वॉर्डराउंड:
सरळ सांगायचं, औषधाचा डोस तपासून घेतोय म्हणून, हवं तर स्क्रीन दाखव, लोकांना उलट बरं वाटतं. फक्त पेशंटचं नाव किंवा रिपोर्टचा फोटो असल्या अ‍ॅपमध्ये टाकू नकोस. आणि केसपेपरवर नुसता स्कोअरचा आकडा नको, कशाकशाला गुण दिले तेही लिही, सकाळच्या राउंडला सिनियरला ते तपासता येतं.