धक्का तुमचा, पण बर्फ सगळ्यांचा

तळ्यातल्या बोटींच्या धक्क्याभोवती बर्फ धरू नये म्हणून हिवाळ्यात पाण्यात पंख्याचं यंत्र (डी-आयसर) सोडतात. "धक्का माझा, यंत्र माझं, मग रात्रंदिवस चालवलं तर बिघडलं कुठे?" असं एकाने विचारलंय. आमच्या इथे, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात बिघडतं, आणि ते कायद्यातच लिहिलंय. विनिपसॉकी असो की दुसरं सार्वजनिक तळं, तुमच्या यंत्रामुळे शेजाऱ्याची बर्फावर जायची-यायची वाट बंद होता कामा नये. शिवाय 'धोका, पातळ बर्फ' अशी पाटी हवीच, सगळ्या बाजूंनी दिसणारी, १५० फुटांवरून वाचता येणारी.

हे यंत्र पाणी तापवत नाही. तळाशी साधारण ४ अंशांचं जड पाणी असतं, पंखा तेच वर ढकलतो. त्यामुळे मोकळ्या पाण्याच्या कडेचा बर्फही खालून झिजत जातो, आणि वर ताजा हिम पडला की काही कळत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या धक्क्यापासून वीसेक पावलांवर सकाळी स्नोमोबाइलचे (बर्फावर चालणाऱ्या गाडीचे) ताजे पट्टे दिसले. पोटात गोळाच आला. यंत्र गरजेपुरतंच चालावं म्हणून त्याच दिवशी थर्मोस्टॅट आणि टायमर बसवला. खांबांभोवती थोडंसं मोकळं पाणी पुरतं हो! गावाचे आणखी काही नियम असतील तर टाउन हॉलमध्ये आधीच विचारून घ्या.