रेस सोडली तरी गाडी वूंवूं करते

प्रश्न: भाऊ, जुनी कार्बोरेटरवाली बाईक हाय, रेस सोडली तरी आरपीएम लवकर खाली येत नाही अन् चोक ओढला का शांत होते, दर्यापूरले नेऊ का घरीच होईन?

उत्तर: आधी रेसच्या वायरीत ढील हाय का पाय. असन तर वायर बरोबर हाय, मंग इंजिन कुठून तरी फालतू हवा ओढून रायलं. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर अन् इंजिनच्या मधातल्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मार, आवाज बदलला का लीक तेथंच. पेट्रोल शिंपडू नको बे, भडकन पेटन!

उत्तर २: रबर काढून वाकवून पाय, चिरा तवाच दिसतात. एम-सीलच्या नादी लागू नको, नवीन टाक, जोडातली गोल रबरी रिंग (ओ-रिंग) बी बदल.

प्रश्नवाला: पाणी मारताच अडखळली, खालून चीर हाय. रबर बाजाराच्या दिवशी आणतो.