रेप्लिकेशन: शेतातला अर्थ वेगळा

रेप्लिकेशनवरच्या (म्हणजे तोच अभ्यास पुन्हा करून तोच निकाल येतो का ते बघण्यावरच्या) चर्चेत कुणीतरी मानसशास्त्राचा दाखला दिलाय: १०० अभ्यास पुन्हा केले, २०१५ साली निकाल छापला, जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय परिणाम पुन्हा दिसला. तो बरोबरच आहे. पण त्यापुढचं 'शेतीशास्त्रात ही अडचण नाही, तिथे प्रत्येक प्रयोगात रेप्लिकेशन असतंच' हे मला पटत नाही. शब्द तोच, पण अर्थ दुसरा.

नागपुरात एम.एस्सी. कृषी करताना माझा कपाशीचा प्रयोग होता. ५ वाण, ४ रेप्लिकेशन (म्हणजे त्याच शेतात चार ब्लॉक, प्रत्येकात पाचही वाण एकेकदा), एकूण २० प्लॉट. चारच का, तर एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम (योगायोगाने पडणारा फरक मोजायला किती स्वतंत्र माहिती आहे तो आकडा) किमान १२ हवेत असं आम्हाला शिकवलेलं, आणि वाण वजा एक म्हणजे ४, रेप्लिकेशन वजा एक म्हणजे ३, ४ गुणिले ३ बरोबर १२. शेताच्या खालच्या अंगाला भारी काळ्या जमिनीत पाणी साचायचं, तिकडचा अख्खा ब्लॉक पिवळा पडला. रेप्लिकेशन होते म्हणून तो दोष कुठल्या वाणाच्या माथी गेला नाही, त्यांचं काम त्या एका शेतापुरतं, त्या एका हंगामापुरतं. हाच प्रयोग पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याने लावला. पाऊस लवकर थांबला आणि माझा पहिला आलेला, उशिरा पक्व होणारा वाण तिसरा गेला. मला फार वाईट वाटलं, कारण मी त्याची शिफारस घरच्या शेतासाठीही करून बसले होते. मानसशास्त्रवाले ज्याला रेप्लिकेशन म्हणतात ते हे दुसऱ्या वर्षाचं. कापसाच्या अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वाण वेगवेगळ्या केंद्रांवर आणि एकाहून जास्त हंगाम लावून बघतात, ते याचसाठी.