छठसाठी सोसायटीत टाकी

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या सोसायटीत छठसाठी (पाण्यात उभं राहून सूर्याला अर्घ्य द्यायचं व्रत) गच्चीवर टाकी करावी का, आणि संध्याकाळचे दोन तास पुरतील का, असं एकांनी विचारलंय. नाही पुरणार. कार्तिक शुद्ध षष्ठीला मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि सप्तमीला उगवत्या, म्हणजे पहाटे चारपासून जिना, दिवे आणि पाणी तयार हवं. घणसोलीला पूर्वेला पारसिकचा डोंगर असल्याने सूर्य पंचांगातल्या वेळेनंतरच दिसतो. उलट ठाण्यात उपवन तलावावर तो येऊरच्या डोंगरामागे लवकर जातो. व्रती, म्हणजे उपवास करणाऱ्या बायका, सूर्य दिसेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात, त्यामुळे अर्धा तास जास्तीचा धराच. कार्तिकात सूर्य थोडा आग्नेयेकडे उगवतो, ती बाजू मोकळी ठेवा.

१० बाय ६ फुटांच्या टाकीत दीड फूट पाणी म्हणजे अडीच हजार लिटर, अडीच टन वजन! गच्चीवर नकोच, तळमजल्यावर करा. टाकीत अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद तेल-दुधाने निसरडा होतो. सुमारे ३६ तासांच्या निर्जळी उपवासानंतर चक्कर येऊ शकते, म्हणून पायरी आणि धरायला दांडा हवाच. प्रसादाचं सूप, ऊस, ठेकुआ (गव्हाच्या पिठाचा तळलेला गोड प्रसाद) ठेवायला शेजारी कोरडा ओटा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.