वटवाघळे, फवारणी आणि अर्भकमृत्यू
जैवविविधता हा वनखात्याचा विषय आहे, आरोग्य आणि शेतीच्या धोरणांत तो आणल्यास गोंधळच वाढेल, हे मत मला पटत नाही. अमेरिकेत २००६ पासून पसरलेल्या ‘व्हाइट नोज’ या रोगात शीतनिद्रेतील वटवाघळांच्या नाकावर व पंखांवर पांढरी बुरशी वाढते, त्यांची झोप वारंवार मोडते आणि साठवलेली चरबी हिवाळा संपण्याआधीच संपते. पुढचे परिणाम मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. किडे खाणारी वटवाघळे घटल्यावर शेतकऱ्यांनी फवारणी वाढवली. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, बाधित भागांत कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी, तर अपघाती व हिंसक मृत्यू वगळता अर्भकमृत्यूचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. ही नोंद एकट्या वनखात्याच्या दप्तरात कधीच सापडली नसती.