मदत हवी आहे: घरच्या रोजच्या कामासाठी कमी खर्चात कोणता कॉम्प्युटर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर आणि विंडोज १०. इतकी वर्षं त्याने निमूट साथ दिली, पण आता अगदीच धाप लागते त्याला. काल घड्याळ लावून बघितलं. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडेपर्यंत सात मिनिटं गेली. तेवढ्यात बाबा दोनदा येऊन "झालं का गं सुरू?" विचारून गेले.

वापरणारे आम्ही तिघं. मी घरून दोन-तीन छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिते. त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. शिवाय स्प्रेडशीट आणि ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब दिवसभर उघडे असतात. मुलाचा अभ्यास असतो, व्हिडिओ बघणं आणि प्रोजेक्ट लिहिणं एवढंच, गेमसाठी नकोय. आणि बाबा. वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर अजूनही लागत नाही. सकाळी ते बातम्या वाचतात आणि दर रविवारी आत्याशी व्हिडिओवर बोलतात. मागच्या रविवारी बोलता बोलता चित्र गोठलं. पलीकडून आवाज बंद झाला होता तरी बाबा कितीतरी वेळ "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" म्हणत स्क्रीनकडे बघत बसले. आता हा विषय पुढे ढकलायचा नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पैसे मोजके आहेत, वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकलेले. त्यामुळे चुकायची भीती वाटते. त्याला कारण बहिणीचा अनुभव. तिने गेल्या वर्षी सगळ्यात स्वस्त असा नवा कोरा लॅपटॉप घेतला. "घरच्या कामाला भरपूर झालं," असं विकणाऱ्याने सांगितलं. त्यात स्टोरेज होतं ६४ जीबीचं, ईएमएमसी प्रकारचं, बोर्डवरच जडवलेलं. सहा महिन्यांत विंडोजचं अपडेट उतरवायलाही जागा उरली नाही. रॅम ४ जीबी, तीही सोल्डर केलेली. म्हणजे काहीच वाढवता येत नाही. आता तो कपाटात पडून आहे.

तर जुन्याच मशीनवर थोडा खर्च करावा, का आता त्याचा नाद सोडावा? लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? नवा पण साधा, की वापरलेला पण चांगल्यातला? आणि प्रोसेसरची नावं वाचून तर मला ओ की ठो कळत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, पैसे खर्च करायच्या आधी एक करा. रोजचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. मशीन अडकतं त्या क्षणाचे तीनही आकडे इथे लिहा. दुखणं कुठे आहे ते त्यावरून कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

लगेच बघितलं. हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि दहा टॅब उघडे असताना सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपास, मेमरी ९२ आणि डिस्क सतत १००. डिस्कचा आकडा खाली यायलाच तयार नाही.

प्रतिसाद

मग निदान झालंच म्हणायचं. तुमचा प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते. डेस्कटॉपमधली साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून जरा जास्त वेळ. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली वाचते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तीच फाईल मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हाती येते. त्यात तुमची रॅम भरलेली. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसं परत आणते. म्हणजे जी डिस्क आधीच दमलीय तिच्यावरच आणखी ओझं.

म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं असतं: घरच्या कामासाठी पैसे प्रोसेसरच्या मोठ्या नावात घालू नका. आधी एसएसडी, मग रॅम, मग स्क्रीन, आणि उरतील त्यात बसेल तो प्रोसेसर. एसएसडी २५६ जीबी चालेल, ५१२ असेल तर निवांत. रॅम ८ जीबीच्या खाली अजिबात नको, आणि तुमचे टॅब बघता १६ च घ्या. विंडोज ११ सुरू झाल्या झाल्याच तीन-चार जीबी स्वतःकडे ठेवून घेते, मग ८ मधलं तुम्हाला उरतं किती ते बघा.

आता जुनं मशीन. त्यात साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसते ती) आणि आणखी ४ जीबी रॅम (डीडीआर३च बघून घ्या, नवी डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही) टाकलीत तर ते एका मिनिटाच्या आत सुरू होईल. पण हिशेबाच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण घरच्या वापरासाठी तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची. तुमचा आय३-४१३० चौथ्या पिढीतला. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. ज्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार आहेत, तिथे ते करू नका.

प्रतिसाद

वरच्या दादांशी बऱ्याच अंशी सहमत. पण डेस्कटॉपच का? लॅपटॉपमध्ये कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय सगळं आलं, आणि वीज गेली तरी काम अडत नाही. डेस्कटॉपला हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च लोक धरतच नाहीत आणि नंतर "स्वस्त कुठे पडला" म्हणतात. ताई, मशीन टेबलावरून कधी हलणार आहे का, एवढं आधी सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

खरं सांगायचं तर नाही. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरच राहणार.

प्रतिसाद

मग मी डेस्कटॉपच्या बाजूने, आणि त्याचं कारण तुमचे बाबा.

१५.६ इंची लॅपटॉपच्या फुल एचडी स्क्रीनवर दर इंचाला सुमारे १४१ ठिपके असतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुमारे ९२. ठिपके तेवढेच, पण जास्त जागेवर पसरलेले. त्यामुळे तेच अक्षर मॉनिटरवर साधारण दीडपट मोठं दिसतं, तेही कुठलंही सेटिंग न बदलता. वरून विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ किंवा १५० टक्के केलंत की सगळा मजकूर आणखी मोठा होतो आणि कडा धूसर होत नाहीत. माझ्या आईलाही डोळ्यांचा त्रास आहे. लॅपटॉपवर ती मान खाली घालून, नाक स्क्रीनला टेकवून वाचायची. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीवर आणल्यावर पाठ टेकून बसायला लागली. मॉनिटर घेताना फक्त आयपीएस पॅनल आहे ना ते बघा. टीएन पॅनल वरून किंवा बाजूने बघितलं की रंग उडालेले दिसतात.

वापरलेल्यात जायचं तर ऑफिसमधून निघालेले मिनी डेस्कटॉप बघा. जाड पुस्तकाएवढा डबा, आत लॅपटॉपसारखीच छोटी रॅम आणि बहुतेक वेळा दोन खाचा, म्हणजे पुढे वाढवायची सोय. वीजही कमी लागते, त्यामुळे छोट्याशा यूपीएसवर हातातलं काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ आरामात मिळतो. मात्र वर कुणी म्हणाले ते अगदी बरोबर आहे: यात कॅमेरा नसतो, माइक नसतो, आणि ऑफिसमध्ये वायरचं नेटवर्क असल्याने बऱ्याच मशीनमध्ये वायफाय कार्डही नसतं. बाबांच्या रविवारसाठी माइकसकट वेबकॅम पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

प्रतिसाद

प्रोसेसरच्या नावांचं कुणी सांगितलंच नाही, म्हणून लिहितो. आय३, आय५, आय७ एवढंच ऐकून भुलू नका, त्यापुढचा आकडा वाचा. आय५-८५०० मधला ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-१०५०० मधला १० म्हणजे दहावी. आय५-७२००यू हा सातव्या पिढीतला दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), आय५-८२५०यू आठव्या पिढीतला चार कोअरचा. नाव दोघांचंही आय५, फरक एका पिढीचा आणि कोअर दुप्पट. सातव्या पिढीतला आय७ स्वस्त मिळतोय म्हणून घेतला आणि विंडोज ११ ने दारातच अडवलं, असं माझ्या एका सहकाऱ्याचं झालं.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये घोळ जास्त आहे. रायझन ५ ७५२०यू वाचून वाटतं अगदी ताजा माल. २०२३ च्या त्या मालिकेत आतली रचना तिसऱ्या आकड्यावरून कळते. तिथे २ असेल तर झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेली जुनी रचना. ४ असेल तर झेन ४. वाईट नाही हो, घरच्या कामाला चालतो. पण नवा समजून नव्याचे पैसे मोजू नका.

नवाच हवा आणि पैसे अगदी कमी असतील तर इंटेल एन१०० वाले मिनी पीसी मिळतात. चार कोअर, वीज फारच कमी. त्यात बहुतेक वेळा रॅमची एकच खाच असते, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वहीत उतरवून घेऊन काल एक वापरलेला मिनी डेस्कटॉप बघून आले. आय५-८५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. दिसायला छान. पण सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) जायचा प्रयत्न केला तर पासवर्ड मागितला. विकणाऱ्याने "त्याने काही बिघडत नाही" म्हटलं. मी काही बोलले नाही, विचार करून सांगते म्हणाले. हे खरंच चालण्यासारखं आहे का?

प्रतिसाद

नका घेऊ. तो पासवर्ड आधीच्या ऑफिसने लावलेला. उद्या विंडोज नव्याने टाकायला पेनड्राइव्हवरून सुरू करायची वेळ आली तर तुम्ही अडकाल. अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये बोर्डवरचा सेल काढून ठेवूनही तो जात नाही. पासवर्ड काढून देत असतील तरच पुढे बोला.

पुढचं मशीन बघायला जाताना क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते आणि ती किती तास चाललीय तेही. बऱ्याच मशीनमध्ये जुनी डिस्क काढून दुसरी एसएसडी टाकलेली असते, पण डोळ्यांनी बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये अॅक्टिव्हेशन पूर्ण आहे ना ते तपासा. मग दहा टॅब उघडून एक व्हिडिओ लावा आणि पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवा. पंखा किंचाळायला लागला किंवा मशीन आपोआप बंद झालं तर उठून चालायला लागा.

मूळ प्रश्नकर्ती

दुसरीकडे मिळाला. आय५-१०५००टी, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, डिस्कची तब्येत ९७ टक्के, बायोस मोकळं. पंधरा मिनिटं व्हिडिओ चालवून बघितला, विकणाऱ्याने कुरकुर न करता बसू दिलं. वायफाय कार्ड आणि वेबकॅम धरूनही साठवलेल्यात बसतंय, पण मॉनिटर आता लगेच नाही जमणार. त्याला दोन महिने लागतील. तोवर जुना साडेअठरा इंचीच जोडायचा म्हटलं, तर त्याला मागे फक्त निळी व्हीजीए वायर आहे आणि नव्या डब्याला डिस्प्लेपोर्ट. यांचं जुळेल का?

आणि जुन्याचं काय करू? टाकून द्यायला मन होत नाही.

प्रतिसाद

जुळेल. डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो तो घ्या. डब्यातून डिजिटल सिग्नल निघतो आणि व्हीजीए अॅनालॉग, म्हणून नुसती दोन टोकं जोडणारी वायर चालत नाही. रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. घेताना दिशा नीट बघा, उलट्या दिशेचेही मिळतात आणि ते तुमच्या कामाचे नाहीत. मॉनिटर आला की हा बाजूला ठेवून द्या.

जुन्यात छोटी एसएसडी टाका आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवा. फुकट आहे, अपडेट नियमित येतात, आणि ४ जीबी रॅमवर बातम्या वाचणं, व्हिडिओ बघणं, लिब्रेऑफिसमध्ये (लिहिण्याचं फुकटचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट लिहिणं एवढं नीट होतं. टॅब मात्र चार-पाचच उघडे ठेवायचे. दोन महिन्यांनी तुमचा नवा मॉनिटर आला की जुना मॉनिटर मोकळा होईलच. तो या मशीनला लावा. मुलाचा अभ्यास त्यावर, आणि मोठी स्क्रीन बाबांना. पण त्याआधी जुन्या हार्ड डिस्कवरचे हिशेब आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती प्रत उघडतेय याची खात्री झाल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.