नुसता नॉस्टॅल्जिया नाही

अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूजचे शाळकरी पोरांवरचे सिनेमे ऐंशीच्या दशकाच्या नॉस्टॅल्जियावर चालतात हे मला अजिबात पटत नाही. 'द ब्रेकफास्ट क्लब' (१९८५) मधला ब्रायन आठवा, त्याने वर्गात बनवलेला हत्तीचा दिवा सोंड ओढल्यावर लागत नाही, नापास होतो आणि पोरगा थेट जीव द्यायच्या विचारापर्यंत जातो, मग त्यासाठी शाळेत आणलेली फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक) लॉकरमध्येच उडाली म्हटल्यावर सगळे हसतात आणि तोही हसतो. मार्कांची ही धास्ती काय फक्त तेव्हाच्या अमेरिकन पोरांनाच होती का? आणि 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ'मधल्या फेरिसपेक्षा मला तर त्याचा मित्र कॅमरनच जवळचा वाटतो, शिकागोच्या म्युझियममध्ये ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रातल्या लहान मुलीकडे बघत राहतो तो, चेहऱ्याचे नुसते ठिपके उरेपर्यंत. 'सिक्स्टीन कँडल्स'मधला लाँग डक डाँग, म्हणजे आशियाई असल्यावरून ज्याची थट्टा केलीय तो विद्यार्थी, मात्र आता बघवत नाही, तिथे मी बचाव करणार नाही.